परवलीचा शब्द

बारशाला फोन लागला होता.
ऐरोलीत, दिवा गावातल्या आमच्या घरी,
पाळण्याशी धरून ठेवला होता कुणीतरी.
दर्शना वाकली असणार. कुर्रर्र ऐकू आलं,
मग "रे—"
आणि पुढची अक्षरं
तिच्या पाठीत पडलेल्या धपाट्यांखाली गेली.
मागोमाग लाइनही.

रे. एवढंच.
क्षणभर वाटलं, मलाच कुणी हाक मारतंय.

नऊ दिवस बर्फानं टॉवर बंद.
रात्री दोन ते चार माझा पहारा.
रेवा, रेणू, रेश्मा, रेवती,
एकेक नाव तोंडात धरून बघायचो.
वाफ मफलरवर गोठायची.
परवलीचा शब्द रोज संध्याकाळी बदलायचा,
तो मला बिनचूक पाठ असायचा.
घरचा तेवढा माहीत नव्हता.

वजन मात्र कळलं होतं, दोन किलो आठशे.
लंगरच्या तराजूवर थपलियालनं
तेवढी साखर मोजली, पिशवीत भरली,
"लो उस्ताद, पकडो."
पकडली. कशी, ते कळेना.
त्यानं माझं कोपर वळवून दिलं,
तीन मुलांचा बाप तो.
स्टोव्ह फुरफुरत होता. कुणी काही बोललं नाही.
मग त्यानं साखर परत डब्यात ओतली,
सकाळचा चहा एकशे दहा जणांचा होता.

दहाव्या दिवशी नाव कळलं.
माझ्या यादीत ते नव्हतंच.
इथं लिहीत नाही;
असे शब्द लिहून ठेवायचे नसतात.

रजा मिळाली तेव्हा ती एकेचाळीस दिवसांची.
रिक्षातून उतरलो तर ओहोटी लागलेली,
खाडी आपला चिखल उघडा टाकून बसलेली,
आणि तो वास, जो तिकडं वर
कितीही आठवून आठवत नाही.
आई दारातच. "आयलास? पयले हात धू."
धुतले. कोपरापर्यंत, दोनदा.
हेमांगी पलंगावर, माझाच जुना टी-शर्ट घालून.
हसली नाही, रडली नाही.
म्हणाली, "थांब. आधी तिची ढेकर."

मग दिली.
साखरेपेक्षा जड. आणि साखर हलत नाही.

तिनं डोळे उघडले. बघत राहिली.
सात वर्षं मी लोकांना अंधारात थांबवलंय,
थम, कौन आता है,
हात वर, एक पाऊल पुढे, शब्द सांग.
मला असं कुणी थांबवलं नव्हतं.
मी सगळं सांगितलं. नंबर, नाव, गाव, पाडा.
शेवटी तिचंच नाव, पूर्ण, हळू आवाजात.
तिनं ते मान्य केलं नाही.
भोकाड पसरलं, आईकडे तोंड वळवलं.
चूक तिची नाही.
आवाज ओळखीचा नसेल
तर शब्द बरोबर असूनही सोडत नाहीत.

आज रात्री दोनला
हेमांगीचं कोपर बरगडीत लागलं.
"तुझी ड्यूटी."
बाकी मला फारसं येत नाही.
दुपटं बांधलं तर तंबूची गाठ पडते,
लंगोट उलटा, आई हसते,
अंघोळ घालताना माझेच हात कापतात.
पण दोन ते चार जागं राहता येतं.

सहा पावलं खिडकीपर्यंत, वळायचं, सहा पावलं.
पुलावरचे दिवे, पलीकडे मुलुंड,
रबाळ्याकडून येणारा कारखान्याचा गोडसर धूर,
खालच्या मोबाइल रिपेअरिंगच्या शटरवर
कुत्रं अंग घासतंय.
खांद्यावर तिची लाळ, ओली, मग गार.
तेवीस दिवस उरलेत.
हे मी खिडकीला सांगितलं, तिला नाही.

चारला हेमांगी उठली. मी चार्ज दिला:
शी एकदा. शिंका दोन.
तीन वाजून दहा मिनिटांनी हसली,
कुणाकडे बघून ते नक्की नाही,
मी आणि पंखा
एकाच दिशेला होतो.